रिकामी बाटली परत द्या, 10 सेंट घ्या: शाळेतल्या मुलांना हा हिशेब कसा शिकवायचा?

काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक घरी न्यायचं, तर दुकानदार आधी डिपॉझिट मागायचा. बाटली परत केली की पैसे परत. ऑस्ट्रेलियात आज हेच तत्त्व प्लास्टिकच्या बाटल्या, कॅन आणि टेट्रा पॅकलाही लागू आहे.

साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात ही योजना 1977 मध्ये सुरू झाली. न्यू साउथ वेल्समध्ये ती 2017 मध्ये आली, क्वीन्सलँडमध्ये 2018 मध्ये, तर व्हिक्टोरियात 2023 मध्ये. 2025 मध्ये टास्मानियाही सामील झालं आणि संपूर्ण देश या योजनेखाली आला. रिकामी बाटली संकलन केंद्रावर किंवा मशीनमध्ये दिली की 10 सेंट मिळतात.

शाळा यात काय करतात?

अनेक शाळा बाटल्या गोळा करून निधी उभा करतात. गणिताच्या तासालाही हे उदाहरण छान बसतं. समजा, 400 विद्यार्थ्यांनी आठवड्याला प्रत्येकी 5 बाटल्या आणल्या, तर झाल्या 2,000 बाटल्या, म्हणजे 200 डॉलर!

हे पैसे येतात कुठून?

मुलांना सांगायची खरी गोष्ट इथेच आहे. हे बक्षीस नाही. योजनेचा खर्च पेय कंपन्या भरतात आणि तो पेयाच्या किमतीत धरला जातो. म्हणजे आईबाबांनी विकत घेतलेली बाटली शाळेत दिली, तर घरचेच पैसे शाळेला मिळाले. पण कुणी मैदानात फेकलेली बाटली उचलून दिली, तर फेकणाऱ्याने गमावलेले 10 सेंट उचलणाऱ्याला मिळतात.

मग जास्त बाटल्या म्हणजे जास्त यश?

नाही. ‘कोणता वर्ग जास्त बाटल्या आणतो’ अशी स्पर्धा लावली, तर 10 सेंटसाठी मुलं दोन-तीन डॉलरचं पेय विकत घेऊ लागतील. त्यापेक्षा शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात आठवड्याला किती बाटल्या सापडतात, हे मोजा. तो आकडा कमी होणं हेच यश. घरून पाण्याची बाटली आणणारं मूल या हिशेबात सगळ्यात पुढे असतं.

कोणत्या बाटल्या चालतात?

साधारणपणे 150 मिलीलीटर ते 3 लीटरपर्यंतच्या. साध्या दुधाच्या बाटल्यांवर मात्र परतावा नसतो. मशीनला बारकोड वाचता यायला हवा, म्हणून लेबल काढू नका आणि बाटली चेपू नका. ‘सगळा कचरा सारखा नसतो’ हा धडा मुलं इथे हाताने शिकतात.

आपल्याकडे काय?

गोवा सरकारने 2024 मध्ये अशाच अनामत परतावा योजनेची अधिसूचना काढली. तमिळनाडूत निलगिरीमध्ये दारूच्या रिकाम्या बाटलीमागे 10 रुपये परत देण्याची पद्धत 2022 मध्ये सुरू झाली.

तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर आज त्याला एवढंच विचारा: रिकाम्या बाटलीचे पैसे मिळतात, ते मुळात कुणाचे असतात?