मृत्यूआधीची तार

पोलीस चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवला जातो तो बहुधा मेलेल्यावरच. फिर्यादी पोलीस अधिकारी, आरोपी मृत, कलम खुनाच्या प्रयत्नाचे आणि सोबत बेकायदा शस्त्र बाळगल्याचे. पंचनामाही पोलीसच करतात. आरोपी हयात नसल्यामुळे खटला उभा राहत नाही आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. त्या माणसाला आधी कुठून तरी उचलून आणले होते का, हा प्रश्न या कागदांत कुठे विचारलेलाच नसतो. महाराष्ट्रात हा प्रश्न शेवटपर्यंत धसास लागला तो रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याच्या प्रकरणात, आणि त्याला कारण ठरले पोलिसांच्या हाताबाहेर तयार झालेले काही कागद.

मुंबईच्या चकमकींचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तो सहसा मन्या सुर्वेपासून सांगितला जातो. रत्नागिरीजवळच्या रनपारचा हा माणूस १९७९ मध्ये रत्नागिरी तुरुंगातून इस्पितळात हलवलेला असताना पळाला आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. नव्वदच्या दशकात चकमकी नित्याच्या झाल्या. १९९५ ते १९९७ या काळातल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने न्यायालयासमोर नेले. जावेद फावडा याच्या चकमकीच्या प्रकरणात सत्र न्यायाधीश आगियार यांनी चौकशी करून पोलिसांची कथा नाकारली होती. उच्च न्यायालयाने मात्र १९९९ मध्ये पोलिसांची कथा मान्य केली. त्या काळात चकमकफेम अधिकाऱ्यांचे फोटो छापणाऱ्या वृत्तपत्रांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्या वाचकांनीही या पद्धतीला बळ दिले, हे नोंदवायलाच हवे.

११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी लखनभैया आणि त्याचा एक मित्र यांना नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर ९ मधून गाडीत घालून नेण्यात आले. त्याच रात्री आठच्या सुमारास वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ लखनभैया मारला गेला. तो छोटा राजन टोळीचा असून तिथे येणार असल्याची खबर मिळाली होती, शरण येण्यास सांगितल्यावर त्याने गोळी झाडली, म्हणून प्रत्युत्तर द्यावे लागले, असे पोलिसांचे म्हणणे. वर्सोवा ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो त्याच्यावरच.

एरवी प्रकरण इथेच मिटले असते. पण लखनभैयाचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा केल्या, फॅक्स पाठवले: माझ्या भावाला पोलिसांनी नेले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे. बेकायदा अटकेच्या प्रकरणांत वकील मंडळी तारेचा आधार नेहमी घेत. तार स्वीकारल्याची वेळ तार कार्यालय नोंदवत असे. ती वेळ पाठवणाऱ्याच्या हातात नसे आणि तार मिळणाऱ्याच्याही नसे. त्याच दिवशी मित्राच्या पत्नीने वाशी पोलीस ठाण्यात नवरा बेपत्ता असल्याची तक्रार दिली.

या कागदांचे मोल त्यांच्या वेळेत आहे. माणूस मेल्यावर नातेवाईक जे सांगतात ते पश्चात्बुद्धी म्हणून झटकता येते. इथे माणूस जिवंत असतानाच तो पोलिसांच्या ताब्यात असल्याचे लेखी कळवले गेले होते. आणि दुपारपासून जो ताब्यात आहे, तो रात्री वर्सोव्याला येणार असल्याची खबर कोणी देण्याचा प्रश्नच उरत नाही. पोलिसांची सगळी फिर्याद त्या खबरीवर उभी होती. मित्राला तर त्यानंतरही सुमारे महिनाभर डांबून ठेवले होते. मध्ये कोल्हापूरलाही नेले होते.

तरीही या कागदांवरून पोलिसांवर गुन्हा दाखल व्हायला जवळपास तीन वर्षे गेली. रामप्रसाद गुप्ता यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक करणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७६ (१अ) जून २००६ मध्येच अमलात आले होते. त्यानुसार फेब्रुवारी २००८ मध्ये उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला आणि ऑगस्टमध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला: ही चकमक नव्हती, पोलिसांच्या ताब्यातला मृत्यू होता. खुनाचा गुन्हा नोंदवायला मात्र आणखी एक वर्ष गेले. ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, तेव्हा कुठे पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. पथकाने फोनचे तपशील, ठाण्यांतल्या नोंदी आणि शस्त्रांचे अहवाल एकत्र केले. मृताच्या शरीरातली एक गोळी वरिष्ठ निरीक्षक प्रदीप शर्मा यांच्या रिव्हॉल्व्हरची असल्याचा अहवालही त्यात होता. जानेवारी २०१० मध्ये शर्मा यांना अटक झाली. पोलिसांनीच पोलिसांचा तपास करावा का, हा आक्षेप रास्त आहे. इथे तो तपास झाला, कारण न्यायालयाने तो सोडला नाही.

खटल्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे लखनभैयासोबत उचललेला तो मित्र, अपहरणाचा प्रत्यक्ष साक्षीदार. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तारखेला अवघे काही दिवस असताना, तो घरातून बाहेर पडला तो परतलाच नाही. पुढे मनोर परिसरात त्याचा मृतदेह सापडला. ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. साक्षीदाराला संरक्षण देणे हे राज्याचे काम होते आणि राज्य त्यात सपशेल अपयशी ठरले.

१२ जुलै २०१३ रोजी सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. शर्मा मात्र निर्दोष सुटले. गोळीचा अहवाल न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. (त्यानंतर तीनच दिवसांत देशातली तारसेवा कायमची बंद झाली.) डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने ११ दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ज्या सरकारने खटला चालवला त्यानेच दोषींना सवलत द्यावी, याचे समर्थन कोणत्याही कारणाने होत नाही. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातल्या त्याच मुंबई चकमकींच्या अपिलावर १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: चकमकीनंतर गुन्हा नोंदवणे, दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने स्वतंत्र तपास करणे, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि कारवाईबद्दल लगोलग बढती वा शौर्यपदक न देणे.

१९ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ८६७ पानांचा निकाल दिला. शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली; १२ माजी पोलीस आणि एक खासगी व्यक्ती यांची शिक्षा कायम राहिली; सहा खासगी आरोपी सुटले. अपील प्रलंबित असताना दोन दोषी मरण पावले होते. शर्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिलमध्ये शरण जाण्यापासून त्यांना अंतरिम दिलासा मिळाला. त्याच निकालात खंडपीठाने साक्षीदाराच्या हत्येचाही उल्लेख केला: इतक्या वर्षांनंतरही त्या खुनातील मारेकऱ्यांपर्यंत तपास पोहोचलेला नव्हता.