औषधाच्या आधीचा तोड

1996च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायका आजारी तान्ह्या बाळांना जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं त्यांना शिकवलं होतं. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागलं, अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की रक्तात जंतुदोष झाला असं धरायचं. बाळाला दवाखान्यात न्या म्हणून सांगायचं, आणि घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीनं घरीच सुई द्यायची, सोबत तोंडानं को-ट्रायमोक्झॅझोल. पूर्वी असा जंतुदोष झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण 2.8 टक्क्यांवर आलं. डिसेंबर 1999मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि नवजात बाळांच्या काळजीबद्दलची जगभरची चर्चाच बदलली.

या कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे त्या छोट्या बाटलीतल्या औषधाबद्दल सांगायचंय, कारण ते आलं कुठून आणि त्याला निकामी करणारं जनुक आलं कुठून, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. पायाखालच्या मातीत.

मिरगाचा पहिला पाऊस आलापल्लीच्या सागवनात पडतो तेव्हा जो वास उठतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो. ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. बुरशीसारखे धागे पसरत ते कुजक्या पानांवर जगतात, आणि शेजाऱ्यांना आवरायला की त्यांच्याशी बोलायला, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण शेकडो प्रकारची रसायनं बाहेर सोडतात. स्ट्रेप्टोमायसिन त्यातलंच, 1943 सालचं. टेट्रासायक्लिनचं घराणंही त्यांचंच. याच गोतावळ्यातला एक भाऊबंद म्हणजे मायक्रोमोनोस्पोरा. 1963मध्ये त्याच्यापासून जेंटामायसिन मिळालं. म्हणजे त्या गावांतल्या बाळांच्या मांडीत जे औषध टोचलं गेलं, ते मुळात मातीतल्या एका जिवाणूनं आपल्या कामासाठी घडवलेलं होतं.

पण हे औषध नेमकं करतं काय? जिवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारं एक यंत्र असतं, रायबोसोम. त्याचा एक भाग सुमारे 1,540 रासायनिक अक्षरांच्या धाग्याचा बनलेला असतो. जेंटामायसिन या धाग्यावरच्या एका खोबणीत जाऊन बसतं. मग यंत्र चुकीची अक्षरं वाचू लागतं, वेडीवाकडी प्रथिनं निघतात, आणि जिवाणू मरतो.

आता गंमत पाहा. मायक्रोमोनोस्पोराच्या पेशीतही रायबोसोम असतंच की! स्वतःच बनवलेल्या विषानं तो स्वतः का मरत नाही? कारण विष बनवण्याची जनुकं जिथे आहेत, तिथेच शेजारी त्यानं तोडाचंही जनुक बाळगलेलं आहे. त्या जनुकापासून बनणारं एन्झाइम रायबोसोमच्या धाग्यावरचं 1405 क्रमांकाचं अक्षर शोधतं आणि त्याला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन चिकटवतं. एवढंच. चार अणूंनी खोबणीची वाट अडते आणि जेंटामायसिनला बसायला जागा उरत नाही. दीड हजार अक्षरांतलं नेमकं एक अक्षर, त्यावर चार अणू, आणि मरण टळलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

2003 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी एका रुग्णाकडून मिळालेल्या क्लेबसिएला जिवाणूत 'आर्म-ए' नावाचं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. तेही रायबोसोमच्या 1405 क्रमांकाच्या अक्षरावरच तेच चार अणू चिकटवतं. दोन्ही जनुकं तंतोतंत सारखी नाहीत, नातं लांबचं आहे. पण युक्ती तीच, जागाही तीच. अशा साम्याचा सुगावा तसा 1973मध्येच लागला होता. बेनव्हेनिस्टे आणि डेव्हिस या दोघांनी दाखवून दिलं होतं की रुग्णालयातले हट्टी जिवाणू ज्या एन्झाइमांनी जेंटामायसिनच्या जातीची औषधं निकामी करतात, तशीच एन्झाइमं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येही आहेत. औषध बनवणाऱ्याच्याच घरात त्याचा तोड होता.

हा तोड किती जुना असेल? कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या 30,000 वर्षं गोठलेल्या मातीतून शास्त्रज्ञांनी डीएनए काढला. त्यात पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिनच्या घराण्यांतल्या औषधांना दाद न देणारी जनुकं सापडली. 2011 सालची ही गोष्ट. पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमांचा एक मोठा वंश तर 2 अब्ज वर्षांहून जुना असावा असा अंदाज आहे. सिरोंचाजवळच्या वडधमला ज्युरासिक काळातल्या डायनासोरचे जीवाश्म सापडतात. ते प्राणी तिथे चरत होते तेव्हाही त्यांच्या पायाखालची ही झुंज पुराणीच झालेली होती. आणि 2009मध्ये व्हेनेझुएलाच्या जंगलात, बाहेरच्या जगाशी कधीच संबंध न आलेल्या यानोमामी वस्तीतल्या लोकांच्या पोटातल्या जिवाणूंचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतही ही जनुकं निघाली. त्या माणसांनी अँटिबायोटिकची गोळी कधी पाहिलीही नव्हती.

म्हणून 'औषधं खाल्ल्यामुळे जिवाणू प्रतिकार शिकले' हे नेहमीचं वाक्य मला अपुरं वाटतं. काही जिवाणूंत नवे बदल घडतात हे खरं, पण पुष्कळ प्रतिकार आधीच अस्तित्वात होता, मातीत विखुरलेला. आपण त्याला मागणी निर्माण केली.

मातीतला हा तोड रुग्णालयातल्या जिवाणूपर्यंत पोहोचतो तो प्लास्मिडवरून. जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळं, गोल कड्यासारखं फिरणारं हे डीएनए गाठोड्यासारखं वागतं: एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो, मधे पूल जोडला जातो, आणि गाठोड्याची नक्कल पलीकडे जाते. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावे लागत नाहीत. माणसाला वारसा आईबापांकडून मिळतो. जिवाणूला तो शेजारून जाणाऱ्याकडूनही मिळतो.

आणि या गाठोड्यात एकच वस्तू नसते. 2008 साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या क्लेबसिएलात 'एनडीएम-1' हे जनुक सापडलं. ते जे एन्झाइम बनवतं, त्याच्या पोटात जस्ताचे दोन अणू असतात. त्यांच्यामध्ये धरलेला पाण्याचा रेणू कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधाची चौकोनी कडी फोडतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2009च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे 24 जिवाणू तपासले. त्यातल्या 22मध्ये हे जनुक निघालं. पुढे 2012मध्ये कळलं की एनडीएम-1 हे जोडकाम आहे. त्याच्या एन्झाइमची पहिली सहा अमिनो आम्लं अमिकासिन निकामी करणाऱ्या भलत्याच जनुकातून आलेली आहेत. अमिकासिन म्हणजे जेंटामायसिनचंच भावंड. बहुधा अॅसिनेटोबॅक्टर नावाच्या जिवाणूत दोन तोडांचे तुकडे जुळून हा तिसरा तयार झाला.

एनडीएम-1 आणि आर्म-ए अनेकदा एकाच प्लास्मिडवर शेजारी-शेजारी असतात. म्हणजे वॉर्डात कार्बापेनेम दिलं तरी जेंटामायसिनचा तोड जपला जातो, आणि जेंटामायसिन दिलं तरी कार्बापेनेमचा. कुठलंही एक औषध वापरा, पूर्ण गाठोडं सांभाळलं जातं.

मातीत ही रसायनं थेंबाच्याही अंशाइतकी, जागोजागी थोडी थोडी असतात. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ती रोज, भरपूर आणि अनेक प्रकारची असतात. शिवाय तिथे लघवीची नळी असते, व्हेंटिलेटर असतो, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात असतात. गाठोडं वागवायला जिवाणूला शक्ती खर्चावी लागते, पण अशा ठिकाणी तो खर्च परवडतो. 2011 ते 2014 या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या जंतुदोषाचा अभ्यास झाला. सर्वांत जास्त सापडलेला जिवाणू अॅसिनेटोबॅक्टर, आणि त्यातले 82 टक्के अनेक औषधांना दाद न देणारे. जंतुदोषाच्या एकूण घटनांपैकी दोन तृतीयांश जन्मानंतरच्या 72 तासांच्या आत घडलेल्या. या आकड्यांशी गडचिरोलीच्या 2.8ची थेट तुलना करू नये. तिथली बाळं वेगळी, आजाराची तीव्रता वेगळी. पण गडचिरोलीच्या त्या 39 गावांतली आणखी एक नोंद मला सुईइतकीच मोलाची वाटते. हात धुणं, बाळाला उबेत ठेवणं, लगेच अंगावर पाजणं हे सुई देणाऱ्या त्याच बायकांनी घरोघरी रुजवल्यावर तीन वर्षांत जंतुसंसर्ग होणाऱ्या बाळांचं प्रमाणच निम्म्याहून खाली आलं. जो संसर्ग झालाच नाही, त्याच्यापुढे आर्म-एचं काही चालत नाही.

2014मध्ये केंद्र सरकारनं ठरावीक परिस्थितीत एएनएम नर्सताईंनाही तान्ह्या बाळाला जेंटामायसिन द्यायची मुभा दिली. ते स्वस्त आहे, मांडीत टोचता येतं, सलाईन लागत नाही. एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या गावात हेच तर हवं. कार्बापेनेम सहसा शिरेतून द्यावं लागतं, दिवसातून अनेकदा. ते नर्सताईच्या पिशवीत मावणारं औषध नव्हे. शहरातल्या वॉर्डात जेंटामायसिन हरलं तर दुसरं काहीतरी उचललं जातं, पण जंगलातल्या गावात त्याच्या मागे दुसरं काही उभं नाही. म्हणून त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

कुठलं औषध अजून चालतं हे पाहायची रीत साधी आहे. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रतिकार-निगराणीच्या जाळ्यात हिंदुजा रुग्णालय आहे, तसंच चंद्रपूरच्या लोकांना जवळचं सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानही आहे. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेले जिवाणू बशीवर पसरतात, वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. वर्तुळ मोठं असेल तर औषध लागू पडतं. चकतीच्या काठापर्यंत जिवाणू वाढले असतील तर तोड पोचलेला आहे. मात्र रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस पडण्याआधी काढलेलं हवं. डोसनंतर जिवाणू बशीत उगवतीलच असं नाही, आणि मग डॉक्टरांना अंदाजानं सर्वांत जहाल औषध उचलावं लागतं. जंतुदोषाच्या रुग्णाला घेऊन चंद्रपूरला, सेवाग्रामला किंवा नागपूरला पोचलेल्या घरच्यांनी भरतीच्या वेळीच विचारावं: डॉक्टर, सुई द्यायच्या आधी कल्चरला रक्त घेतलं का?