एक कायदा, दोन नावे : मतदाराचे हित आणि भाषा

उद्दिष्टे

या लेखाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• एकाच धोरणाच्या दोन नावांमुळे लोकमत कसे बदलते, हे स्पष्ट करता येईल.
• अभिधा आणि व्यंजना या संकल्पना राजकीय भाषेला लावून पाहता येतील.
• ‘मतदार स्वतःच्याच हिताविरुद्ध मत देतो’ या विधानाची चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक



निवडणुकीचा निकाल लागला की चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांवरील चर्चेपर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘ज्यांच्या धोरणाने यांचे नुकसान होते, त्यांनाच या लोकांनी मते कशी दिली?’ त्यापाठोपाठ उत्तरही तयार असते : ‘लोक अडाणी आहेत.’ हे उत्तर फार सोपे आहे. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी आपण अमेरिकेतील केंटकी या राज्याचे उदाहरण घेऊ. तेथील पक्षांशी आपली बांधिलकी नसल्याने विचार शांतपणे करता येतो. शिवाय या उदाहरणाच्या केंद्रस्थानी एक नाव आहे, आणि नावाला अर्थ कसा चिकटतो हा आपल्या अभ्यासक्रमाचा विषय आहे.

२. केंटकीतील घटनाक्रम

मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ‘परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा कायदा’ असा त्याच्या अधिकृत नावाचा अर्थ होतो. विरोधकांनी त्याला ‘ओबामाकेअर’ म्हणण्यास सुरुवात केली आणि हेच नाव रूढ झाले. पुढे खुद्द ओबामांनीही ते स्वीकारले.

केंटकीचा पूर्व भाग डोंगराळ आणि कोळशाच्या खाणींचा आहे. खाणी बंद पडत होत्या, रोजगार आटत होता. ओबामा सरकारच्या पर्यावरणविषयक नियमांना तेथे ‘कोळशाविरुद्धचे युद्ध’ म्हटले जाई. २०१२ च्या निवडणुकीत ओबामांना या राज्यात सुमारे ३८ टक्के मते मिळाली, यावरून त्यांच्या नावाविषयीची भावना लक्षात येते.

राज्याचे गव्हर्नर स्टीव्ह बेशियर हे ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. (तेथील गव्हर्नर हा लोकनियुक्त कार्यकारी प्रमुख असतो, त्याला ‘राज्यपाल’ म्हटल्यास आपली दिशाभूल होईल.) त्यांनी २०१३ मध्ये नव्या कायद्याखाली राज्याचे स्वतःचे विमाकेंद्र उघडले, तसेच गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेची व्याप्ती वाढवली. विमाकेंद्राला मात्र त्यांनी वेगळे नाव दिले : ‘कनेक्ट’. राज्याच्या नावाचे टपाली लघुरूप ‘जोडणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात गुंफून हे नाव तयार केले होते. राज्याच्या जत्रेत या योजनेची माहिती ऐकून एका गृहस्थांनी, ‘हे ओबामाकेअरपेक्षा बरे असावे’ अशी आशा व्यक्त केल्याची नोंद त्या काळच्या वृत्तांत आढळते. जी वस्तू ते नाकारत होते, तीच दुसऱ्या नावाने त्यांना हवीशी वाटत होती.

हा अनुभव एकट्या त्या गृहस्थांचा नव्हता. मे २०१४ मध्ये एनबीसी न्यूज आणि मॅरिस्ट महाविद्यालयाने केलेल्या पाहणीत केंटकीतील ५७ टक्के नोंदणीकृत मतदारांचे ‘ओबामाकेअर’विषयी प्रतिकूल मत होते, ‘कनेक्ट’विषयी प्रतिकूल मत असणारे केवळ २२ टक्के होते. अनेकांनी ‘कनेक्ट’विषयी काही मतच बनवलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही फरक लक्षणीय आहे, कारण मुळात कायदा एकच होता.

३. अभिधा आणि व्यंजना

शब्दशक्तींच्या अभ्यासात तुम्ही ‘सूर्य मावळला’ या वाक्याचे पारंपरिक उदाहरण वाचले असेल. वाच्यार्थ सर्वांसाठी एकच. पण गुराख्याला त्यातून ‘गुरे घरी न्या’ हे कळते, तर चोराला ‘आता निघण्याची वेळ झाली’ हे कळते. अभिधेने मिळणारा अर्थ स्थिर असतो, व्यंजनेने सुचणारा अर्थ बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवर अवलंबून असतो.

हीच दृष्टी येथे लावून पाहा. ‘ओबामाकेअर’ आणि ‘कनेक्ट’ ही दोन्ही नावे एकाच व्यवस्थेकडे बोट दाखवतात. पण पहिल्या नावात एक व्यक्ती आहे. तिच्याबरोबर तिचा पक्ष, दूरची राजधानी आणि बंद पडलेली खाणही ऐकणाऱ्याच्या मनात येते. दुसऱ्या नावात आपले राज्य आहे. मतदार योजनेचे कलम न् कलम वाचून मत देत नाही. आपणही देत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते नाव, आणि नावाबरोबर येणारी व्यंजना.

४. नुकसान कोणाचे आणि मत कोणाचे?

नोव्हेंबर २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे मॅट बेविन केंटकीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. ‘कनेक्ट’ बंद करू, असे त्यांनी प्रचारात उघडपणे सांगितले होते. विमा नसलेल्या प्रौढांचे प्रमाण राज्यात दोन वर्षांत पाचांत एकावरून दहांत एकाच्या आसपास आले असताना हे घडले. ‘लोकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरून तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट, ‘लोक’ हा समूहवाचक शब्द फसवा आहे. त्या निवडणुकीत सुमारे ३० टक्केच मतदान झाले. ज्यांना विमा मिळाला आणि ज्यांनी बेविन यांना मत दिले, ती सर्व माणसे एकच नव्हती. अतिशय गरीब माणूस अनेकदा मतदानाला जातच नाही. मतदानाला जाणाऱ्यांत त्याच्याहून एकच पायरी वर असलेला, स्वतः विम्याचा हप्ता भरणारा शेजारीही असतो. शेजाऱ्याला फुकट मिळते आणि आपल्याला मिळत नाही, हा सल त्याच्या मतात उतरू शकतो. 

दुसरी गोष्ट, हित म्हणजे केवळ पैसा नव्हे. धर्मश्रद्धा, गर्भपाताविषयीची भूमिका, कष्टाची प्रतिष्ठा, आपल्या प्रदेशाचा मान या गोष्टींनाही माणसे हितच मानतात. एका हितासाठी दुसरे सोडणारा मतदार चुकत असेलही. पण तो विचार करत नाही, असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट, बेविन यांचाही युक्तिवाद होता : वाढीव मेडिकेडचा खर्च राज्याला पेलणार नाही. तो पटो वा न पटो, मतदाराने तो ऐकला होता.

पुढे काय झाले? ‘कनेक्ट’ बंद होऊन २०१७ च्या विम्यासाठी केंटकीतील लोकांना केंद्र सरकारच्या व्यवस्थेकडे जावे लागले. २०१९ मध्ये बेविन सुमारे पाच हजार मतांनी पराभूत झाले. विजयी झालेले अँडी बेशियर हे स्टीव्ह बेशियर यांचे पुत्र. त्यांच्या कारकिर्दीत २०२१ मध्ये ‘कनेक्ट’ त्याच नावाने परत आले. त्या निकालामागे शिक्षकांच्या असंतोषासह इतरही कारणे होती. तरी एवढे खरे, की त्याच राज्याने चार वर्षांत आपले मत बदलले.

५. आपल्या भाषेकडे पाहताना

मराठीतही ही तपासणी करता येते. सरकारने दिलेल्या त्याच पैशाला कोणी ‘अनुदान’ म्हणतो, कोणी ‘खैरात’. ‘लाभार्थी’ आणि ‘हक्कदार’ हे शब्द एकाच माणसाला लावता येतात; पण लाभार्थी आभार मानतो आणि हक्कदार जाब विचारतो. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातील ‘हमी’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मदत करणारा मोठा ठरतो. हमी देणारा बांधला जातो.

६. समारोप

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यास करत आहात. ‘अडाणी’ हा शब्द कधीतरी तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या वाट्याला आला असेल. हा शब्द वापरला की प्रश्न संपतो आणि समजून घेण्याचे कामही थांबते. म्हणून पुढच्या निवडणुकीत एखादे नाव, घोषणा किंवा योजना कानावर पडेल, तेव्हा दोन प्रश्न विचारा : हे नाव कशाकडे बोट दाखवते? आणि ते मला काय सुचवते? शेजाऱ्याच्या मताविषयी बोलण्याआधी हे प्रश्न स्वतःच्या मताला लावून पाहावेत.

स्वाध्याय

१. ‘ओबामाकेअर’ आणि ‘कनेक्ट’ या नावांतील व्यंजनेचा फरक तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ‘लोकांनी स्वतःच्या हिताविरुद्ध मत दिले’ या विधानातील ‘लोक’ आणि ‘हित’ या शब्दांची चिकित्सा करा.
३. तुमच्या परिसरातील एका शासकीय योजनेला लोक कोणकोणत्या नावांनी ओळखतात, याची नोंद करा. प्रत्येक नावात देणारा कोण आणि घेणारा कोण दिसतो, ते लिहा.