विश्लेषण : पुनर्वसूच्या ताऱ्याभोवती ग्रह? न दिसणारे ग्रह शोधतात तरी कसे?

फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री साडेनऊच्या सुमारास अंजनगाव सुर्जीच्या शिवारात गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याने मान वर केली, तर जवळपास डोक्यावरच दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. हेच पुनर्वसू नक्षत्र. जुलैमध्ये सूर्य या नक्षत्रात असतो, तेव्हाच्या पावसाला राज्याच्या अनेक भागांत 'तरणा पाऊस' म्हणतात. त्या दिवसांत हे तारे सूर्याच्या तेजात लपलेले असतात; ते पाहायचे तर हिवाळ्यातच.

या जोडीतला अधिक तेजस्वी, किंचित नारिंगी झाक असलेला तारा म्हणजे पोलक्स. तो आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याभोवती गुरूपेक्षा किमान दुप्पट वस्तुमानाचा एक ग्रह सुमारे ५९० दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, असे २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केले. हा ग्रह आजवर कुणीही पाहिलेला नाही. मग तो तिथे आहे हे कळले कसे? आणि अशा दाव्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

ग्रह थेट का दिसत नाहीत?

ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. तो ताऱ्याचा प्रकाश परावर्तित करतो आणि तोही अगदी थोडा. दृश्य प्रकाशात आपला सूर्य गुरूच्या सुमारे अब्जपट, तर पृथ्वीच्या सुमारे दहा अब्जपट तेजस्वी आहे. परतवाडा रस्त्यावर दुरून समोर येणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटला खेटून एखादा काजवा उडत असेल, तर तो जसा दिसणार नाही, तसेच हे. म्हणून बहुतेक वेळा ग्रहाचा शोध ग्रहाकडे पाहून लागत नाही. तो ताऱ्याच्या वागण्यातून लागतो.

थेट छायाचित्रे मिळाली आहेत, पण मोजकीच. २००८ मध्ये एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांची अशी छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यासाठी ताऱ्याचा प्रकाश झाकावा लागतो आणि ग्रह मोठा, तरुण, अजून तापलेला व ताऱ्यापासून बराच दूर असावा लागतो.

या शोधाचे पुण्याशी काय नाते?

दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, निरीक्षणांच्या आधारे केलेला एक अगदी सुरुवातीचा दावा भारतातून झाला होता. तो करणारे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनीअर्समधले अधिकारी. त्यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि तिथून जोडताऱ्यांची निरीक्षणे केली. पुण्यात वेध घेतलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची त्यांच्या नावावर आहे. पुढे १८४८ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले.

भुजंगधारी तारकासमूहात '७० ऑफियुकी' हा जोडतारा आहे. दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी घालतात. हे तारे गणिताने सांगितलेल्या जागेवरून किंचित ढळलेले दिसतात, हे जेकब यांच्या लक्षात आले. तिथे न दिसणारा एखादा ग्रह त्यांना ओढत असावा, अशी दाट शक्यता त्यांनी १८५५ मध्ये मांडली.

तर्क अचूक होता. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. ग्रह मोठे वर्तुळ काढतो, तारा छोटे. तारा जागच्या जागी डोलताना दिसला, तर कुणीतरी त्याला ओढते आहे असे समजावे. पण त्या काळच्या मोजमापांतली चूक, शोधायच्या डोलण्याहून मोठी होती. १८९०च्या दशकात याच ताऱ्याबाबत पुन्हा तसाच दावा झाला. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी अशी रचना टिकूच शकणार नाही, हे गणिताने दाखवले. तिथे आजवर ग्रह सापडलेला नाही.

जेकब मात्र पुन्हा पुण्याकडेच निघाले. पुण्याजवळ उंच डोंगरावर, स्वच्छ हवेत वेधशाळा उभारण्याची त्यांची योजना होती. ब्रिटिश संसदेने त्यासाठी १,००० पौंड मंजूर केले होते आणि नऊ इंची दुर्बीणही घेतली होती. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईत उतरले आणि आठच दिवसांनी, १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. डोंगरावरची ती वेधशाळा झालीच नाही.

ताऱ्याचे डोलणे आता कसे मोजतात?

मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे अंजनगावच्या जुन्या लोकांना आठवत असेल. गाडी जवळ येताना तिची शिट्टी बारीक, तीक्ष्ण ऐकू येई आणि पुढे निघून जाताना तीच शिट्टी जाड वाटे. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. प्रकाशाचेही तसेच होते. तारा आपल्याकडे सरकत असेल, तर त्याचा प्रकाश किंचित निळ्या बाजूला झुकतो आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूला.

ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला, की त्यात विविध मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा दिसतात. या रेषा ठरावीक काळाने डावी-उजवीकडे सरकत असतील, तर तारा मागे-पुढे हलतो आहे असा अर्थ होतो. एका फेरीला किती दिवस लागतात यावरून ग्रहाचे वर्ष कळते आणि हालचालीच्या वेगावरून त्याचे किमान वस्तुमान. 'किमान' अशासाठी, की कक्षा आपल्या बाजूला किती कललेली आहे हे या पद्धतीत कळत नाही. पोलक्सचा वेग सेकंदाला ४० ते ४५ मीटरने कमी-जास्त होताना दिसला, त्यावरून त्याचा ग्रह जाहीर झाला.

याच पद्धतीने १९९५ मध्ये स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी '५१ पेगासी' या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह शोधला. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह ताऱ्याभोवती अवघ्या ४.२ दिवसांत फेरी घालतो. इतका मोठा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असू शकतो, असे फारसे कुणाला वाटले नव्हते. इतर वेधशाळांनी तपासले आणि तो खरा ठरला. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

खरी अडचण पृथ्वीसारख्या ग्रहांची आहे. गुरूच्या ओढीने सूर्य सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने हलतो, तर पृथ्वीच्या ओढीने सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर. म्हणजे रांगणाऱ्या बाळापेक्षाही मंद.

झाकोळलेला प्रकाश काय सांगतो?

६ जून २०१२ रोजी सकाळी सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत गेला. ते शुक्राचे अधिक्रमण होते. त्या वेळी शुक्राने सूर्याचा साधारण हजारातला एक भाग प्रकाश अडवला. दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला तर ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचा उजेड काही तासांपुरता तेवढाच कमी होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. अशी घट ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा दिसली, की ग्रहाचा संशय येतो.

उजेड किती घटला यावरून ग्रहाचा आकार मिळतो. सूर्यासमोरून गुरू गेला तर दूरच्या निरीक्षकाला सुमारे एक टक्का घट दिसेल. पृथ्वी गेली तर सुमारे १२ हजारांत एक भाग. शिवाय कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असायला हवी. सूर्य-पृथ्वीकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहणाऱ्या साधारण दोनशे निरीक्षकांपैकी जेमतेम एकालाच पृथ्वीचे अधिक्रमण दिसेल.

यावर उपाय एकच : एकाच वेळी असंख्य ताऱ्यांवर नजर ठेवणे. २००९ मध्ये झेपावलेल्या केप्लर दुर्बिणीने आधी आकाशाच्या एकाच तुकड्यातल्या दीड लाखाहून अधिक ताऱ्यांवर लक्ष ठेवले. २०१८ पासून टेस ही दुर्बीण जवळपास सगळे आकाश चाळते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नासा'च्या यादीतील खात्रीशीर ग्रहांची संख्या ६,००० वर गेली. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश याच पद्धतीने सापडले आहेत.

भारतीय दुर्बिणींनी काय शोधले?

राजस्थानात माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या 'पारस' या वर्णपटमापक यंत्राने डॉ. अभिजित चक्रवर्ती यांच्या चमूने २०१८ मध्ये एका ग्रहावर शिक्कामोर्तब केले. केप्लरला सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या एका ताऱ्याचा प्रकाश १९.५ दिवसांनी घटताना दिसला होता. पण तो ग्रहच आहे का? अबूच्या चमूने सुमारे दीड वर्ष ताऱ्याचे डोलणे मोजले.

उत्तर मिळाले : वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे २७ पट, त्रिज्या सुमारे सहापट. दोन्ही आकडे हाती आले की घनता कळते. सहापट त्रिज्या म्हणजे २१६ पट आकारमान. त्यात २७ पट वस्तुमान. म्हणजे पृथ्वीच्या घनतेच्या जेमतेम आठवा हिस्सा, पाण्यापेक्षाही कमी. त्यामुळे तो पृथ्वीसारखा खडकाळ गोळा नाही, हे दुर्बिणीतून न पाहताही सांगता आले. एका पद्धतीने मिळालेले उत्तर दुसऱ्या पद्धतीने पडताळले, की असा फायदा होतो.

महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, 'जीएमआरटी' आहे. गुरूप्रमाणे दूरच्या ग्रहांकडूनही रेडिओ लहरी येत असाव्यात, या अंदाजाने फ्रेंच व भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हिच्यातून 'हॅट-पी-११' या ताऱ्याकडे पाहिले. तिथला नेपच्यूनएवढा ग्रह ताऱ्यामागे गेला, तेव्हा एक क्षीण संकेत नाहीसा झाला. तो ग्रहाचाच आवाज असावा का? २०१० मध्ये पुन्हा निरीक्षण केले, तर संकेत मिळालाच नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दोन्ही निकाल एकत्र प्रसिद्ध केले आणि याला शोध न म्हणता केवळ संभाव्य खूण म्हटले.

जाहीर झालेला ग्रह खोटा ठरू शकतो का?

ठरू शकतो आणि ठरलाही आहे. प्रकाश घटला म्हणजे ग्रहच असे नाही. एकमेकांना झाकणारे दोन तारेही तशीच घट दाखवतात. तारा डोलला म्हणजे ग्रहच असेही नाही. ताऱ्यावरचे डाग आणि त्याचा पृष्ठभाग फुगणे-आकसणे यामुळेही वर्णपटातल्या रेषा सरकतात.

मीनास्य म्हणजेच फोमलहॉट या ताऱ्याजवळ २००८ मध्ये एका ग्रहाचे छायाचित्र मिळाल्याचे जाहीर झाले आणि त्याची मोठी बातमी झाली. पुढच्या वर्षांत तो ठिपका पसरत, फिकट होत दिसेनासा झाला. तो ग्रह नसून टकरीतून उडालेल्या धुळीचा ढग असावा, असे २०२० मध्ये मांडले गेले. रोहिणी नक्षत्रातल्या लाल ताऱ्याचा ग्रह २०१५ मध्ये जाहीर झाला. २०१९ मध्ये अधिक निरीक्षणे हाती आल्यावर त्याविषयी गंभीर शंका निर्माण झाली.

पुनर्वसूचा पोलक्सही यातून सुटलेला नाही. त्याचे चुंबकीय क्षेत्र साधारण ६६० दिवसांच्या चक्राने बदलते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हा काळ ग्रहाच्या ५९० दिवसांशी जुळत नाही, पण फार दूरही नाही. त्यामुळे ग्रह यादीत असला, तरी त्याची तपासणी संपलेली नाही.

सामान्य वाचकाला यात काही करता येते का?

येते. 'प्लॅनेट हंटर्स टेस' या उपक्रमात टेसने टिपलेले ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख इंटरनेटवर खुले आहेत. आलेखात कुठे खळगा दिसतो का, हे पाहून खूण करायची असते. आधी थोडे प्रशिक्षण तिथेच मिळते. संगणकाच्या नजरेतून सुटलेले ग्रह अशा हौशी डोळ्यांनी पकडले आहेत.

ग्रहाला नाव देण्याचा मानही असाच एका शाळकरी मुलाला मिळाला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने देशोदेशींच्या लोकांकडून नावे मागवली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' हे नाव मिळाले, तर त्याच्या ग्रहाला 'संतमस'. हे दुसरे नाव पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने सुचवले होते.

जेकब यांच्या पद्धतीचे पुढे काय झाले?

ताऱ्याची आकाशातली जागा मोजून ग्रह ओळखण्याची त्यांची पद्धत दीड शतकाहून अधिक काळ जवळपास रिकाम्या हातांनी राहिली. २०१३ मध्ये झेपावलेल्या युरोपच्या 'गाया' उपग्रहाने एक अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा अतिशय सूक्ष्मपणे मोजल्या. त्या मोजमापांतून दिसलेल्या 'गाया-४ बी' या ग्रहाचे अस्तित्व जमिनीवरच्या दुर्बिणींनी ताऱ्याचा वेग मोजून पडताळले आणि २०२५ मध्ये तो जाहीर झाला.

जेकब यांना ज्याने चकवले, तो ७० ऑफियुकी आजही नुसत्या डोळ्यांना दिसतो. मृगाचे ढग दाटण्यापूर्वी, मेअखेरीस रात्री दहानंतर अंजनगावच्या दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या शिवारातून पूर्वेकडे पाहिले, तर भुजंगधारीतला तो मंद ठिपका सापडू शकतो.