जमिनीचा बोललेला भाव आणि हातात पडणारा भाव

भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा 2020 साली सुरू झाली. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. मुंबई जवळ आली तसे उरण, अलिबागकडे जमिनीची चौकशी करणारे वाढले. आपल्या समाजातील काही तरुणही या धंद्यात उतरले आहेत. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते : भाव आधी बोलला जातो, हिशेब नंतर होतो.

धंद्याची रीत अशी. एजंट थोडा विसार देऊन स्वतःच्या नावे साठेखत करतो. 'आम्ही सांगू त्याच्या नावे खरेदीखत' असे कलम त्यात असते. मग मुदतीत जादा भावाचे गिऱ्हाईक आणून तो मधली रक्कम कमावतो. म्हणून हिशेब शेवटच्या गिऱ्हाइकापासून मागे करायचा असतो. समजा, ते गुंठ्याला 5 लाख देणार आहे. मोजणी, कागदपत्रे, रस्ता यांचे 60 हजार आणि स्वतःचे 40 हजार वजा केले, तर मालकाला 4 लाखच सांगता येतात. दुसरा साडेचार बोलला म्हणून आपण पावणेपाच बोलणे म्हणजे खिशात नसलेले पैसे कबूल करणे.

मग गिऱ्हाईक मिळत नाही, मुदत टळते आणि 'भाव कमी करा' सुरू होते. केवळ साठेखताने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. पण करार पूर्ण करून मागणारा दावा 3 वर्षांत लावता येतो. तोवर दुसरा घेणारा बिचकतो. ज्या गरजेसाठी जमीन काढली, ती गरज तशीच राहते.

महार वतनाच्या जमिनीत तर जास्तच जपायला हवे. 1958 च्या कायद्याने वतने रद्द झाली आणि या जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. 7/12 वर 'भोगवटादार वर्ग 2' असेल, तर परवानगी आणि नजराण्याची चौकशी आधी करावी. बिगरशेती वापरासाठी नजराणा भरावा लागू शकतो. तो न धरता सांगितलेला भाव खोटाच.

विकणाऱ्यांनी भावाबरोबर हिशेबही मागावा. साठेखतात मुदत आणि ती टळल्यास विसाराचे काय, हे लिहून घ्यावे. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी वकिलाला दाखवावे. आणि एजंट तरुणांनो, आकडा जमत नसेल तर नमस्कार करून उठा. गावात पुन्हा जायचे आहे.