संथ चकतीची शिकवण
(नभोवाणीवरील भाषण)



कित्येक गोष्टी प्रथमदर्शनीं उलट्या वाटतात आणि विचारांतीं सरळ दिसूं लागतात. आज अशाच एका गोष्टीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. अमेरिकेंत ‘डिस्क गोल्फ’ नांवाचा एक खेळ आहे. त्यांत गोल चकती हातानें फेंकून दूरच्या टोपलींत टाकावयाची असते. बाजारांत ह्या खेळाच्या कांहीं चकत्या वेगवान, तर कांहीं संथ मिळतात. दूर फेंकावयाचें तर वेगवान चकती घ्यावी, असें कोणीहि म्हणेल. परंतु त्या खेळांत मुरलेलीं माणसें नवशिक्याला नेमकें ह्याच्या उलट सांगतात. ‘संथ चकती घे, तीच तुझ्या हातून सरळ जाईल, आणि पुष्कळदां दूरहि जाईल,’ असा त्यांचा उपदेश असतो. हें असें कां, तें आपण पाहूं. आपल्यांतील अनेकांचीं मुलें-नातवंडें आज त्या देशांत राहतात, आणि तेथील कित्येक सार्वजनिक उद्यानांत हा खेळ विनामूल्य खेळतां येतो. तेव्हां विषय अगदींच परका आहे असें नाहीं.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. प्लास्टिकची उडती चकती वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन ह्या गृहस्थांनीं तयार केली, व १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील व्हॅम-ओ कंपनीनें तिचे हक्क घेतले. ‘फ्रिस्बी’ म्हणून जगभर गेली ती हीच. पुढें त्याच कंपनींतील एड हेड्रिक ह्यांनीं तिच्या पाठीवर वर्तुळाकार बारीक कंगोरे घालून तिचें उड्डाण अधिक स्थिर केलें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत ह्या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखलें गेलें, तेंहि हेड्रिक ह्यांच्याच हातून. आणि खांबाभोवतीं सांखळ्या लोंबत सोडलेली जी टोपली आज सर्वत्र दिसते, तिच्या कल्पनेचें एकस्व त्यांना १९७७ सालीं मिळालें. खेळाचे नियम सोपे आहेत. ठराविक जागेवरून चकती फेंकावयाची, ती पडेल तेथें चालत जावयाचें, तेथून पुन्हां फेंकावयाची, आणि शेवटीं ती टोपलींत टाकावयाची. बहुधा अशा अठरा टोपल्या असतात. ज्याच्या फेंकी सर्वांत कमी, तो जिंकला.

आरंभीं लोक साध्या फ्रिस्बीनेंच हा खेळ खेळत. तिची कड जाड व बोथट. त्यामुळें हवेचा विरोध फार होई. १९८३ सालीं डेव्ह डनिपेस ह्यांनीं कड तिरपी छाटलेली चकती बनविली. ती हवा चिरीत जाऊं लागली आणि खेळाचें रूपच पालटलें. तेव्हांपासून चकत्यांचे तीन ठळक वर्ग झाले आहेत. टोपलीजवळून हलकेच टाकावयाची बोथट कडेची ती ‘पटर’, मधल्या अंतराची ती ‘मिडरेंज’, आणि लांबच्या फेंकीची, धारदार व रुंद कडेची ती ‘ड्रायव्हर’. तिन्हींचा व्यास सुमारें २१ सेंटिमीटर. नियमाप्रमाणें व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरामागें ८·३ ग्रॅमपर्यंतच वजन चालतें. म्हणजे अशी चकती पाऊणदोनशे ग्रॅमांच्या आंतबाहेरच राहते. हातांत घेतल्यास तिन्हींच्या वजनांत फारसा भेद जाणवत नाहीं. भेद आहे तो कडेंत. पटरची कड सुमारें एक सेंटिमीटर रुंद असते, तर मोठ्या ड्रायव्हरची दोन सेंटिमीटरांहूनहि अधिक.

बहुतेक चकत्यांवर चार आंकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आरंभीं उजवीकडे वळण्याचा, आणि चौथा शेवटीं डावीकडे कलण्याचा. ‘एव्हिआर’ ह्या प्रसिद्ध पटरचे आंकडे २, ३, ०, १ असे आहेत. ‘डिस्ट्रॉयर’ ह्या तितक्याच प्रसिद्ध ड्रायव्हरचे १२, ५, उणे १ आणि ३. नवशिका हे आंकडे वाचतो आणि बारा हे दोहोंच्या सहापट असल्यामुळें बारांची चकती उचलतो. येथेंच सारा घोटाळा आहे. ‘ही चकती किती वेगानें जाईल’ हें तो पहिला आंकडा सांगत नसून ‘ही नीट उडावी म्हणून हाताला किती वेग द्यावा लागेल’ हें सांगतो. नवशिक्याला जो चकतीचा गुण वाटतो, ती वास्तविक चकतीनें हाताकडे केलेली मागणी आहे.

ही मागणी पुरी झाली नाहीं तर काय होतें, हें समजण्यासाठीं आपला भोंवरा आठवावा. फिरता भोंवरा कलला, तरी तो तत्काळ पडत नाहीं. त्याचें डोकें गोल फिरूं लागतें. फिरत्या वस्तूला एका दिशेनें ढकललें, म्हणजे ती त्या दिशेला न कलतां काटकोनांतल्या दिशेला कलते, हा फिरकीचा धर्मच आहे. चकती हाहि एक आडवा भोंवराच होय. उडत असतां हवा तिला खालून उचलून धरते. परंतु हा उचलणारा जोर नेहमीं तिच्या बरोबर मध्यावर लागत नाहीं. चकती भरधाव व सपाट जात असेल तेव्हां तो मध्याच्या किंचित् मागें लागतो व तिचें नाक खालीं दाबूं पाहतो. वेग मंदावून ती खालीं येऊं लागली, म्हणजे तोच जोर पुढें सरकतो व नाक वर उचलूं पाहतो. पण चकती फिरत असल्यामुळें नाक खालीं वा वर न जातां ती बाजूला कलते. उजव्या हातानें, छातीपासून बाहेर अशी फेंक केली असतां पहिल्या अवस्थेंत ती उजवीकडे कलते, आणि दुसरींत डावीकडे. कसलेल्या खेळाडूची फेंक प्रथम किंचित् उजवीकडे जाऊन शेवटीं डावीकडे येते, ती ह्याचमुळें. तिचा मार्ग इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो.

आतां नवशिक्याची फेंक पाहा. अव्वल खेळाडूच्या हातून चकती ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें सुटते. नवशिक्याच्या हातून ती त्याहून पुष्कळच कमी वेगानें निघते, आणि तिची फिरकीहि मंद असते. रुंद कडेच्या चकतीला हा वेग अपुरा पडतो. अपुऱ्या वेगांत स्वतःचा भार पेलावयाचा, तर तिला नाक वर करूनच उडावें लागतें. म्हणजे जी अवस्था उड्डाणाच्या शेवटीं यावयाची, ती आरंभींच येते. उजवीकडचें वळण घडतच नाहीं. चकती सुटतांच डावीकडे झुकते आणि थोड्याच अंतरावर जमिनीला लागते. त्यांत फिरकी मंद, म्हणून कलणेंहि जलद. धारदार कडेचा उपयोग वेग राखण्याकरितां आहे हें खरें. पण हातानें जो वेग दिलाच नाहीं, तो चकती राखणार कोठून? उलट पटर किंवा मिडरेंज ह्यांची मागणीच लहान असते. नवशिक्याच्या वेगांत त्या आपल्या ठरलेल्या मार्गानें जातात, हवेंत अधिक काळ राहतात, आणि म्हणून त्याच्या हातून ड्रायव्हरइतक्या किंवा त्याहून थोड्या पुढेंहि पडतात.

परंतु चार पावलें पुढें-मागें पडण्याचा प्रश्न लहान आहे. आयुष्यभर मुलांना शिकविण्याचें काम केल्यामुळें मला ह्यांतील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. माझा एक नातू कॅलिफोर्नियांत शाळेंत जातो. एका दुकानदारानें ‘सर्वांत लांब जाणारी’ म्हणून त्याला एक ड्रायव्हर दिली होती. मी तेथें असतां तो रोज संध्याकाळीं उद्यानांत ती फेंकी, आणि रोज ती डावीकडच्या झुडपांत जाई. पोरगा हट्टी, त्यानें उपाय शोधले. प्रथम अंगांतील सारा जोर लावून पाहिला. मग चकतीचें नाक वर करून उंच फेंकली. मग बाहेरची कड वर उचलून, मनगट पिळून फेंकण्याची युक्ति काढली. ह्या युक्तीनें दहांतून दोनदां चकती सरळ गेली, आणि तेवढ्यानें ती युक्ति त्याच्या हातांत बसली. उरलेल्या आठ वेळां काय चुकलें तें मात्र त्याला कळेना. अखेर ‘मला हें जमणार नाहीं’ असें म्हणून तो खालीं बसला. जवळच खेळत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्या पिशवींतील एक जुनी पटर त्याच्या हातांत दिली व ‘जोर न लावतां, सपाट सोड’ एवढेंच सांगितलें. तिसऱ्या-चौथ्या फेंकीला ती पन्नास पावलें सरळ गेली. मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मीं वर्गांत पुष्कळदां पाहिला आहे. गणित सुटल्याचा तो भाव असतो.

ह्यांतलें मर्म असें आहे. वेगवान चकती नवशिक्याच्या हातून कशीहि फेंकली तरी डावीकडेच पडते. फेंक चांगली असो वा वाईट, उत्तर एकच. मग शिकणाऱ्यानें शिकावें कशावरून? संथ चकतीचें तसें नाहीं. ती हाताचा दोष जसाच्या तसा दाखविते. बाहेरची कड खालीं झुकलेली असेल तर ती डावीकडे जाते; वर उचललेली असेल तर उजवीकडे जाते. नाक वर असेल तर उंच चढून जागच्या जागीं थबकते. सोडतांना हात डगमगला तर तीहि डगमगते. आणि सर्व नीट जुळून आलें, म्हणजे सरळ जाते. प्रत्येक फेंकीगणिक ती शिकणाऱ्याची वही तपासून परत देत असते. शिवाय जी दुरुस्ती करावयाची, ती मूळ दोषाचीच होते; एका दोषावर दुसऱ्या दोषाचें ठिगळ लावण्याची पाळी येत नाहीं. अक्षर वळवितांना मुलाला आधीं सावकाश कित्ता गिरवावयास लावतात, आणि गवयी शिष्याला तानेपूर्वीं ठाय लयींत स्वर लावावयास सांगतो, तें ह्याच कारणासाठीं. संथपणांत दोष लपत नाहींत.

ह्याला आणखीहि व्यवहाराचीं कारणें आहेत. रुंद कड लहान हाताच्या मुठींत नीट बसत नाहीं. मूठ आवळावी लागते, आणि आवळलेल्या मुठींतून चकती स्वच्छ सुटत नाहीं. बोथट कडेची चकती अंगावर आली तरी धारदार कडेइतकी इजा करीत नाहीं. लहान मुलांच्या घोळक्यांत ह्याचा विचार हवाच. तसेंच प्रत्येक टोपलीचा शेवट पटरनेंच करावयाचा असतो. म्हणून पटरवर घालविलेला एकहि तास वायां जात नाहीं.

कोणी म्हणेल, थोर खेळाडू तर ड्रायव्हरनेंच अद्भुत फेंकी करतात. खरें आहे. २०१६ सालीं नेवाडाच्या वाळवंटांत डेव्हिड विगिन्स ह्या तरुणानें वाऱ्याच्या साहाय्यानें ३३८ मीटर लांब फेंक केली. ती पटरनें कधींहि झाली नसती. परंतु तेथें हातानें चकतीची मागणी पुरी केली होती. संथ चकतीलाहि मर्यादा आहेत. समोरून जोराचा वारा असला, म्हणजे तिच्या दृष्टीनें हवेचा वेग वाढतो व ती उजवीकडे उलटूं पाहते. तेथें जड कलाची चकती उपयोगी पडते. तेव्हां वेगवान चकती वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. तिची वेळ यावयाची असते, इतकेंच.

ती वेळ कशी ओळखावी? शिकणाऱ्यानें आरंभीं एक पटर व चार किंवा पांच वेगाची एक मिडरेंज, एवढ्याच चकत्या बाळगाव्या. मोकळ्या मैदानांत, वारा पडलेला असतां, धांव न घेतां उभ्यानें फेंकावें. पटर साठ मीटरांपर्यंत न डगमगतां सरळ जाऊं लागली, कीं मिडरेंजवर भर द्यावा. ती पाऊणशे मीटर जाऊं लागली, कीं सहा-सात वेगाची चकती घ्यावी. आणि तीहि नव्वद मीटरांच्या आसपास पोंचूं लागल्यावर मोठ्या ड्रायव्हरकडे वळावें. हीं अंतरें म्हणजे कांहीं दगडावरची रेघ नव्हे. लहान मुलांना व वृद्धांना तीं कमी धरावीं. पण क्रम मोडूं नये.

आपल्या मुलांना आपण पुष्कळदां वयाच्या मानानें पुढचें पुस्तक, पुढची इयत्ता, पुढचें वाद्य देतों. तें प्रेमापोटींच देतों. परंतु साधनाची मागणी हातापेक्षां मोठी झाली, म्हणजे मूल साधनाला दोष देत नाहीं, तें स्वतःलाच दोष देतें. आणि ज्या गोष्टींत त्याला आयुष्यभर आनंद मिळाला असता, तिच्यापासून उठून जातें. म्हणून कोणाला दूरदेशीं नातवासाठीं ही चकती घ्यावयाची असेल, तर त्यांनीं पाठीवरचा पहिला आंकडा पाहावा, आणि तो लहान असेल तीच घ्यावी.