मोटारीची चाल : मोजणी आणि अनुमान

‘चाल’ आणि ‘वेग’ हे दोन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मराठी शास्त्रीय परिभाषेने मात्र त्यांत भेद केला आहे. एकक काळात आक्रमिलेले अंतर म्हणजे चाल. तेच अंतर विशिष्ट दिशेने आक्रमिले असता वेग. या भेदानुसार मोटारीच्या दर्शकावरील आकडा हा वेग नव्हे, चाल होय. आणि सूक्ष्म विचार केल्यास ती चालही प्रत्यक्ष मोजलेली नसते. इंजिनाच्या संगणकाला रस्ता दिसत नाही. त्याला कळते ते चाक किती फिरले एवढेच. बाकीचे अनुमान असते. ते कसे केले जाते आणि कोठे चुकू शकते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने दर मैलास एक खडा पात्रात पाडणाऱ्या गाडीचे वर्णन केले आहे. चाल दाखविणारे यंत्र मात्र अर्वाचीन होय. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्त्से याने १९०२ मध्ये त्याचे एकस्व घेतले. त्यात गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोवतीच्या धातूच्या वाटीत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती वाटीही फिरू पाहते. एक नाजूक स्प्रिंग तिला आवरून धरते आणि वाटीला जोडलेला काटा सरकतो. येथे मोजणी मुळीच नाही. एका जोराचा दुसऱ्या जोराशी तोल आहे.

संगणकाला अशा सलग बदलत्या राशीपेक्षा सुट्या, मोजता येणाऱ्या खुणा सोयीच्या असतात. म्हणून चाकासोबत फिरणारे एक दातेरी कडे बसवितात व त्याच्या दातांसमोर, किंचित अंतरावर, स्थिर सेन्सर ठेवतात. जुन्या प्रकारात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. दात समोरून गेला की चुंबकक्षेत्र बदलते व वेटोळ्यात विद्युद्दाब निर्माण होतो. चाल मंदावली की हा दाबही क्षीण होतो; गाडी जवळजवळ थांबली असता हा सेन्सर मुका होतो. दुसरा प्रकार एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला आहे. त्यातील संकेताची तीव्रता चालीवर अवलंबून नसल्याने अत्यंत मंद गतीतही दात मोजता येतात.

उदाहरणार्थ, कड्याला ४८ दात आणि टायरचा परीघ १.८ मीटर मानला, तर एक दात म्हणजे ३.७५ सेंटिमीटर रस्ता. ताशी ६० किलोमीटर चालीने सेकंदाला सुमारे ४४४ दात सेन्सरसमोरून जातात. सेकंदाच्या दहाव्या भागात ४४. ही गणना पुरेशी काटेकोर आहे. परंतु ताशी ५ किलोमीटर चालीने त्याच अवधीत तीन किंवा चारच दात येतील आणि एका दाताच्या फरकाने उत्तर ताशी १.३५ किलोमीटरने बदलेल. म्हणून मंद चालीत संगणक दात मोजण्याऐवजी दोन दातांमधील काळ मोजतो. या उदाहरणात तो सुमारे २७ सहस्रांश सेकंद भरतो.

पूर्वी असा एकच सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्यावर असे. ब्रेक लावताना चाक जागीच अडकू नये अशी योजना रूढ झाल्यावर प्रत्येक चाकाशी सेन्सर आला. अशा मोटारीत गणना ब्रेकचा संगणक करतो व तिचे फल दोन तारांच्या सामाईक संदेशवाहिनीवरून इंजिनाच्या संगणकाकडे जाते. ही वाहिनी बॉश कंपनीने १९८६ मध्ये पुढे आणली. चार साक्षी असल्याने खोटी साक्ष ओळखता येते. काळ्या जमिनीच्या चिखलात गाडी रुतून इंजिनाने फिरविली जाणारी चाके जागीच गरगरू लागली, तर गिअरबॉक्सवरील एकटा सेन्सर गाडी धावत आहे असेच सांगेल. चार सेन्सर असता इतर दोन चाके स्थिर असल्याचे ताबडतोब उघड होते.

एक दोष मात्र चार साक्षींनीही जात नाही. दाताला रस्त्याचे मोल देणारा परीघ संगणकात आधीच लिहून ठेवलेला असतो. टायर झिजून त्रिज्या ६ मिलिमीटरने घटली, तर वरील उदाहरणात आकडा सुमारे दोन टक्के जास्त येईल. ही चूक सावधगिरीच्या बाजूची आहे. दर्शकाबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ वा नियमही हीच दिशा पसंत करतो. आकडा खऱ्या चालीहून कमी असता कामा नये, मर्यादित प्रमाणात अधिक चालेल.

उलट दिशेची चूक घातक होय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ व्या नियमान्वये, काही अपवाद वगळता, १ ऑक्टोबर २०१५ पासून निर्माण होणाऱ्या परिवहन वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणारे वेगनियंत्रक आवश्यक झाले. डंपर, टँकर व शाळेच्या बसगाड्या यांना ही मर्यादा ६० ठरली. यवतमाळ जिल्ह्यात, वणी परिसरातील कोळसाखाणींमुळे, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. डंपरला पाच टक्के मोठ्या परिघाचे टायर चढविले आणि संगणकातील आकडा तसाच ठेवला, तर नियंत्रक ६० समजून थांबेल तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते दहा टक्क्यांनी लांबेल. नियंत्रक बिघडलेला नाही, कोणी त्यात ढवळाढवळ केलेली नाही, दर्शकही ६० च दाखवीत आहे; आणि तरीही मर्यादा ओलांडली गेली आहे.

तात्पर्य, दातांची मोजणी निर्दोष असूनही चालीचे विधान असत्य ठरू शकते, कारण खूण आणि तिचा अर्थ यांना जोडणारा परीघ हा केवळ गृहीत धरलेला असतो. म्हणून वाहनाच्या तपासणीत सेन्सर चालतो की नाही एवढे पाहून भागत नाही. चढविलेला टायर आणि संगणकात नोंदलेला टायर एकच आहे काय, हे पडताळणे तितकेच अगत्याचे आहे.